दोन मुठींची खुर्ची

क्लिओफस मेब्री कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणि दूध घेऊन आपल्या पायांनी घरी आला, तेव्हा पोर्चवर एक नवी कोरी व्हीलचेअर त्याची वाट बघत होती. तिच्या पाठीला चिठ्ठी बांधलेली: 'ब्रदर मेब्री यांच्यासाठी. रविवारच्या मोर्च्याला. प्रेमाने, समिती.' मेब्रीनं आधी चिठ्ठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दारात असं काही येऊन उभं राहिलं की पहिली शंका येते ती अशी, की आपल्याला काहीतरी झालेलं आहे आणि ते आपण सोडून सगळ्या गावाला कळलेलं आहे. त्यानं पिशवी कठड्यावर ठेवली आणि पायरीवर एकदा उजवा पाय आपटला, एकदा डावा. दोघांनीही रीतसर हजेरी दिली. समोरच्या घरातल्या बाईनं खिडकीचा पडदा बाजूला केला आणि पुन्हा सोडला. त्या पडद्याच्या हलण्यात एक सहानुभूती होती, आणि ती मेब्रीला मानेवर घामासारखी चिकटली. खुर्चीला नव्या रबराचा वास येत होता. तो वास त्याला ओळखीचा होता. विलोडीनच्या शेवटच्या वर्षांत सगळ्या घराला तो यायचा, सकाळच्या कॉफीलासुद्धा. बायकोला त्यानं त्या दिवसांत चर्चला नेलं, दवाखान्यात नेलं, आणि दर मार्चमध्ये मोर्च्याबरोबर पुलावरून पलीकडे नेलं. पुलाचा चढ लागला की ती म्हणायची, "क्लिओ, तू धापा टाकतोयस की प्रार्थना करतोयस?" आणि तो म्हणायचा, "तू थोडं कमी खाल्लं असतंस तर दोन्ही वाचलं असतं." ती गेल्यावर तिची खुर्ची त्यानं चर्चला देऊन टाकली. घरात पुन्हा खुर्ची येईल तेव्हा आपण ती पाहायला नसू, अशी त्याची साधारण कल्पना होती.

त्यानं डेलफीन रकरला फोन लावला. डेलफीन म्हणजे समिती. काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी पुलावरून निघालेल्या मूळ मोर्च्यात तिचा बाप मेब्रीच्या पुढे दोन माणसं सोडून चालत होता. तो वारल्यापासून ही पोरगी केक विकून, मासे तळून, लोकांच्या मागे लागून दरवर्षी त्याच्या आठवणीचा मोर्चा उभा करत होती. तिला वाईट म्हणायची केल्डर शहरात कोणाची छाती नव्हती, आणि तसं कारणही नव्हतं.

"डेलफीन, माझ्या दारात खुर्ची आलीय."

"आली? बरं झालं. मी त्यांना दहा वेळा सांगितलं होतं, शुक्रवारच्या आत पाठवा म्हणून."

"अगं, पण मला चालता येतं."

"ब्रदर मेब्री," ती म्हणाली, "तीच तर अडचण आहे."

मग तिनं समजावून सांगितलं, आणि ते इतकं सरळ होतं की मेब्रीला मधे बोलायला फट सापडेना. मूळ मोर्च्यातले लोक आता राहिलेत किती. दोघं म्हाताऱ्यांच्या आश्रमात, अंथरुणाला खिळलेले. हिंडतेफिरते फक्त मेब्री आणि त्याच्याच गल्लीतली अर्लीन. पुढच्या रांगेत मधोमध कोण, तर मेब्री. पण चालणाऱ्या माणसाचं असं असतं की त्याच्या शेजारी कोणीही चालतं, हात धरतं, आणि वर्तमानपत्रवाले नको असलेला माणूस कापून टाकतात. खुर्चीचं तसं नाही. बसलेल्या माणसाचा फोटो काढला की ढकलणारा त्यात येतोच. त्याला कापायचं म्हणजे म्हाताऱ्याचं डोकं कापावं लागतं. "आणि खुर्चीला दोन मुठी असतात," डेलफीन म्हणाली. "एक मिस्टर स्टॅनक्लिफ धरतील, एक त्यांचा उमेदवार. त्याच्या बदल्यात लोकांना मतदानाला न्यायला व्हॅन मिळतेय. एक दिवसाची नाही, कायमची. समितीच्या नावावर."

"अर्लीनला बसवा की पुढे. ती बसलेलीच असते."

"तिच्या खुर्चीला मोटार आहे हो. मुठीच नाहीत." डेलफीनच्या आवाजात खरं दुःख होतं. "मी आधी तेच विचारलं होतं."

रॉयस स्टॅनक्लिफच्या खडीच्या खाणी होत्या, रस्त्यांची कंत्राटं होती, आणि राजधानीतल्या विधानसभेत त्याची माणसं होती. विकत घेतलेली असं कोणी म्हणत नसे. कायद्यात त्याला देणगी म्हणतात आणि तिला वरची मर्यादा नसते, कारण बोलण्याच्या स्वातंत्र्याला मर्यादा घालता येत नाही, आणि स्टॅनक्लिफला बोलायचं असलं की तो चेक लिहायचा. बोलका माणूस होता. त्याच्या माणसांनी दोन वर्षांपूर्वी काटकसर म्हणून काही मतदान केंद्रं बंद केली. त्यात मेब्रीच्या गल्लीच्या टोकाची शाळा गेली. आता मत द्यायला शहराबाहेर, महामार्गापलीकडे, बियाण्यांच्या एका जुन्या गोदामात जावं लागे. तिथं बस जात नव्हती, आणि पायी जायचं तर महामार्ग ओलांडायला वाट नव्हती. हे काही गुपित नव्हतं. केल्डरमध्ये ते लोकांना पावसापाण्यासारखं माहीत होतं. शाळा ज्यानं बंद करवली तोच व्हॅन देणार, यातही कोणाला नवल वाटलं नाही. पाय मोडणाऱ्यानंच काठी विकावी, म्हणजे माप तरी बरोबर येतं.

मेब्री फोन ठेवून खुर्चीसमोर उभा राहिला. स्टॅनक्लिफ. हे नाव त्याच्या तोंडात लहानपणापासून खडीसारखं होतं. त्याचा बाप इझेल हा याच रॉयसच्या बापाच्या खाणीत काम करायचा. त्या काळी मतदारयादीत नाव लावायचं तर आधीच यादीत असलेल्या माणसानं तुमची ग्वाही द्यावी लागे, आणि यादीत गोरेच होते. इझेल एका शनिवारी अंगावरचा धुरळा झटकून, टोपी हातात घेऊन, मोठ्या स्टॅनक्लिफच्या मागच्या दाराशी गेला. सहा-सात वर्षांचा क्लिओफस बरोबर होता. मोठ्या स्टॅनक्लिफनं नीट ऐकून घेतलं. तो कधी ओरडत नसे. काळ्या माणसाला 'मिस्टर' म्हणावं लागू नये म्हणून गोरे 'अंकल' म्हणत, तसं तोही म्हणे. "अंकल इझेल," तो म्हणाला, "तू चांगला माणूस आहेस. म्हणून तर तुला या भानगडीत पडू देत नाही." आणि त्यानं मुलाला एक पीच दिलं. पीच इतकं पिकलेलं होतं की रस कोपरापर्यंत ओघळला, आणि मुलगा तो चाटत चाटत बापामागून घरी आला. नाव लागलं की वर मताचा करही भरावा लागे. तो इझेलनं नाव लागण्याआधीच तंबाखूच्या डब्यात बाजूला टाकायला सुरुवात केली होती. त्याच्या अंत्ययात्रेची फुलं त्या डब्यातून आली. आजही पीच कापलं की मेब्रीला आपण कसलातरी हक्क सही करून देऊन टाकतोय असं वाटे, म्हणून तो पीच खात नसे, आणि पोटाचं कारण सांगे.

दुपारी अर्लीन आली. तिच्या मोटारीच्या खुर्चीचा आवाज दोन घरं आधीच कळायचा, दळण चालू असल्यासारखा. ती एक्याऐंशीची होती. पुलावर पोलिसांचे घोडे अंगावर आले त्या दिवशी मेब्री सतरा वर्षांचा होता आणि अर्लीननं मागून त्याचा सदरा मुठीत धरला होता. पूल मधे उंच होता, चढताना पलीकडचं काही दिसायचं नाही. माथ्यावर पोचल्यावर सगळं एकदम दिसलं. अर्लीन त्याच्या कानाशी म्हणाली, "क्लिओ, आपण चुकीच्या पार्टीला आलोय." मग धूर, खूर, आणि लाकूड हाडावर बसल्याचा तो कोरडा आवाज, जो बाहेरून ऐकू येत नाही, आतून येतो. तिचा गुडघा त्या दिवशी गेला नाही. हप्त्याहप्त्यानं गेला, पहिला हप्ता त्या दिवशीचा.

"हीच का ती?" अर्लीननं त्याच्या खुर्चीभोवती एक फेरी मारली. "छान आहे. गादी माझ्यापेक्षा चांगली आहे. मी साठ वर्षं झिजून बसले, आणि तुला बसायचे पैसे मिळतायत."

"मी बसणार नाही."

"नको बसूस."

"मी दरवर्षी चालत गेलोय, अर्लीन. विलोडीन गेली त्या वर्षीसुद्धा. चालायचंच तर होतं त्यात. दुसरं काय होतं?"

"मी कुठे म्हणते बस म्हणून?" तिनं पर्समधून पेपरमिंटची गोळी काढली, सोलली, तोंडात टाकली. "फक्त नोव्हेंबरात मला पाठुंगळी मारून त्या गोदामात ने म्हणजे झालं. गेल्या खेपेला मी इथंच बसून राहिले. नाव लागल्यापासून पहिल्यांदा."

"पोस्टानं पाठव ना."

"यादीत नाव लावताना ज्या हातानं मी त्या कारकुनासमोर सही केली तो हात अजून चालतो. मी माझं मत माझ्या हातानं टाकीन. पोस्टमनच्या नाही." गोळी तिनं एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "ते जाऊ दे. तू चाल. मान ताठ ठेवून चाल. आपल्या दोघांत एकाला तरी चालता यावं."

हे ती मुद्दाम बोलली की सहज, हे मेब्रीला पुढेही कधी ठरवता आलं नाही. ती गेल्यावर तो स्वयंपाकघरात उभा राहून पाव खात राहिला. खाताना बसायचं नाही असं त्यानं त्या दिवसापुरतं ठरवलं होतं. संध्याकाळपर्यंत पोटऱ्या भरून आल्या. आपण उभं राहण्याचा केवढा अभिमान बाळगतो, त्याला वाटलं, आणि उभं राहून आपण काय करतो, तर पाव खातो. एक माणूस तासभर बसला तर गल्लीतली सगळी म्हातारी माणसं वर्षानुवर्षं मत देतील. हिशेब इतका स्वच्छ होता की त्याची शिसारी यावी. त्यानं डेलफीनला फोन करून हो म्हटलं. ती रडायलाच लागली. त्यालाही थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल त्याला लगेच कसंतरी झालं.

रविवारी ऊन लखलखीत होतं. चर्चसमोर बँड होता, मासे तळण्याच्या कढया होत्या, पोरं खांद्यावर होती. मेब्री सुटाबुटात खुर्चीत बसला, आणि बसल्याबरोबर जगाची उंची बदलली. लोक त्याच्याशी बोलताना वाकू लागले. ज्यांना तो वर्षानुवर्षं ओळखत होता ते आवाज मोठा आणि शब्द सोपे करून बोलू लागले. कोणीतरी त्याच्या मांडीवर शाल टाकली. कोणी टाकली ते दिसलं नाही, कारण मागचं काही दिसतच नव्हतं. समोर फक्त पोटं आणि पट्ट्यांची बक्कलं. विलोडीननं हेच पाहिलं असणार, इतकी वर्षं. आणि आपण मागे उभे राहून तिच्या टोपीची फुलं पाहत होतो आणि समजत होतो की दोघं एकच पूल ओलांडतोय. उजवी मूठ स्टॅनक्लिफनं धरली, डावी उमेदवारानं. उमेदवार तरणाबांड होता, दातांनी बोलायचा. पुलाच्या तोंडाशी सगळे कॅमेरे झाले, गाणं झालं, आणि चढ लागायच्या आधीच त्याला दुसऱ्या गावच्या दुसऱ्या चर्चची वेळ झाली. डावी मूठ सुटली तशी खुर्ची किंचित एका बाजूला ओढ घेऊ लागली. फोटोवाले गाडीतून पुढे, पुलाच्या पलीकडे गेले, मोर्चा माथ्यावरून उतरताना टिपायला.

"काय क्लिओफस, ठीक आहेस ना?" मागून स्टॅनक्लिफचा आवाज आला. तोही सत्तरीचा, अंगानं भरलेला. "एकाच शहरात म्हातारे झालो आपण, आणि कधी धड बोललो नाही बघ."

"वेळच आली नाही, मिस्टर स्टॅनक्लिफ."

"तुझे वडील आमच्याकडे होते. अंकल इझेल. फार सज्जन माणूस."

"होते खरे. मत द्यायचं तेवढं राहिलं त्यांचं."

"हं?"

"काही नाही. चढ आलाय, दम टिकवा."

चढावर स्टॅनक्लिफ बोलायचा थांबला. बाजूला अर्लीनची मोटार गुरगुरत होती. समितीची एक मुलगी तिला मागे घेत होती, फोटोत गर्दी नको म्हणून. मेब्री मागचा श्वास ऐकू लागला. आधी शिट्टीसारखा, मग ओल्या पिशवीसारखा. आपल्या पाठीशी एक माणूस आपल्याला ढकलताना दमतोय आणि आपण बसून आहोत, ही जाणीव त्याला लहानपणापासून शिकवलेल्या सगळ्या गोष्टींच्या विरुद्ध होती. त्यानं त्या जाणिवेची मजा घ्यायचा प्रयत्न केला. दमू दे. खाणीत माझा बाप दमला नव्हता का. क्षणभर खरोखर मजा आली. उन्हात थंड पाण्याचा घोट घ्यावा तशी. मग खुर्ची थांबली, आणि हळूच मागे सरू लागली. मेब्रीचे पाय आपोआप जमिनीवर आले. तो उठला. वळून पाहिलं तर स्टॅनक्लिफचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, ओठ निळसर, आणि मुठी धरून तो खुर्ची ढकलत नव्हता, तिच्यावर लटकत होता. पाणी आणायला कोणी धावलं. बाकीचे नुसते बघत राहिले. आणि मेब्रीच्या तोंडून, कोणी सांगितलं नसताना, कोणी जोर केला नसताना, शब्द निघाला, "बसा."

स्टॅनक्लिफ बसला. धप्पकन बसला. मेब्रीनं वाकून त्याचे पाय पायटेकणीवर ठेवले, शाल बाजूला सारली, पाणी पाजलं. मागे हजार माणसं खोळंबली होती, पूल अरुंद होता, रुग्णवाहिका पलीकडे उभी होती. आजारी माणसाला तिथवर नेणं एवढंच त्यात होतं. आईनं शिकवलेलं, चर्चनं शिकवलेलं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. त्यानं मुठी धरल्या. आणि वजन हाताला लागताच हातांनी ते ओळखलं. थोडं डावीकडे कलणारं, चढावर जड आणि माथ्यावर एकदम हलकं होणारं. कितीतरी दिवसांनी त्याच्या खांद्यांना त्यांचं काम सापडलं. पावलं ठरल्यासारखी पडू लागली. तो धापा टाकत होता की प्रार्थना करत होता, कोण जाणे. पण माथा आला तेव्हा तो सुखात होता, हे त्याला नंतर स्वतःपासून लपवता आलं नाही. वारा नदीवरून आला, ऊन डोळ्यांत आलं, त्यानं फुलांच्या टोपीसाठी खाली पाहिलं, आणि खाली उन्हानं भाजलेली लाल मान होती, तिच्यावर पांढरी लव. समोर उतारावर सगळे कॅमेरे उभे होते. मेब्रीच्या चेहऱ्यावरचं हसू अजून उतरायचं होतं.

स्टॅनक्लिफला काही झालं नाही. उन्हाची भोवळ, डॉक्टर म्हणाले. फोटो मात्र देशभर गेला: 'आता एकमेकांचा आधार.' उमेदवाराच्या माणसांनी तो लोकांना दाखवून पाहिला आणि त्यांना कळलं की इतका आवडलेला फोटो त्यांच्याकडे आजवर नव्हता. गोऱ्यांना तो आवडला कारण काळा माणूस हसत होता. केल्डरमधल्या बऱ्याच काळ्यांनाही आवडला, कारण त्यांच्या मते मेब्रीनं ख्रिस्ताची शिकवण पाळली होती. केस कापायच्या दुकानात एवढी भक्ती नव्हती. "ब्रदर मेब्री, माझी सासू आहे, दोनशे पौंड, कधी मोकळे आहात?" न्हावी म्हणाला. खुर्च्यांवरचे सगळे हसले. मेब्रीही हसला. घरी येऊन त्यानं आरशात ते हसू पुन्हा करून पाहिलं. पुलावरचं तसं येईना. ते खरं होतं, आणि म्हणूनच आता ते त्याचं राहिलं नव्हतं. "मी विलोडीनला ढकलत होतो," असं त्यानं एकदा डेलफीनला सांगायचा प्रयत्न केला. ती प्रेमानं म्हणाली, "हे फार सुंदर आहे, ब्रदर मेब्री. हे भाषणात घेऊ का?"

अर्लीनलाच तेवढं त्यानं न सांगता कळलं असावं. ती कधी विषय काढत नसे. एकदाच म्हणाली, "तुला पाहिजे तसं झालं की रे. पुलावरून चालत गेलास." आणि तिनं त्याला एक पेपरमिंट दिली.

नोव्हेंबरात मंगळवारी सकाळी व्हॅन गल्लीत आली. निवृत्त शाळाबसवाला पर्सेल चालवत होता. व्हॅन देखणी होती. थंड हवा, मऊ आसनं, कप ठेवायला खोबणी. दोन्ही बाजूंना काचांसकट, चाकापासून टपापर्यंत तो फोटो चिकटवलेला. पूल, आकाश, खुर्चीत स्टॅनक्लिफ, मागे मेब्री, माणसापेक्षा मोठे. आत शेजारपाजारची म्हातारी माणसं आधीच बसली होती आणि समोर बघत होती. अर्लीन निळी टोपी आणि हातमोजे घालून फुटपाथवर तयार होती. पर्सेल उतरला, दार सरकवलं, आणि तिच्या मोटारीच्या खुर्चीकडे बघत उभा राहिला.

"मिस अर्लीन," तो म्हणाला, "याला वर चढवायचं काही नाहीये."

"काय नाहीये?"

"फळी. उचलायचं यंत्र. मी मागे, खाली, सगळीकडे बघितलं. बाकी सगळं दिलंय त्यांनी."

"तुला आम्ही दोघं उचलून आत बसवतो," मेब्री म्हणाला.

"आणि तिथं उतरवून कुठे ठेवणार? भिंतीला टेकवून? तास तास रांग असते."

"ती माझी खुर्ची. घडीची होती ती. डेलफीनकडे असेल."

"ती मिस्टर स्टॅनक्लिफनी आठवण म्हणून मागून नेली," पर्सेल म्हणाला. "ऑफिसात ठेवलीय, खाली चौथरा करून. तक्रारीला नंबर दिलाय बघा व्हॅनवर. चाकाच्या वर."

आतून कोणीतरी खोकलं. तिकडे गोदामात रांग वाढत असणार. मेब्री अर्लीनच्या खुर्चीशी उभा राहिला. धरायला काही नव्हतं, म्हणून त्यानं हात तिच्या खांद्यावर ठेवला. "मी पण थांबतो," तो म्हणाला.

"का? एक मत गेलं म्हणून दुसरंही घालवायचं? जा, क्लिओ. सगळे खोळंबलेत. जाऊन बस."

तो चढला आणि शेवटच्या मोकळ्या आसनावर, खिडकीशी बसला. काचेवरच्या चित्राला आतून बारीक भोकं होती, त्यांतून बाहेरचं दिसत होतं, चाळणीतून दिसावं तसं. त्याला अर्लीन पूर्ण दिसली: टोपी, हातमोजे, मांडीवरची पर्स. बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं. व्हॅन हलली तेव्हा ती त्याला शोधत एकेका काचेवरून नजर फिरवत होती. मग तिला वाटलं की तो सापडला, आणि मान वर करून, चांगलं हसून, ती स्टॅनक्लिफच्या चेहऱ्याकडे बघून हात हलवत राहिली.